पंपाखालचा थेंब

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. सकाळी ७.
आम्रपालीच्या मोटारसायकलखाली फरशीवर हिरवा डाग. बांगडीएवढा. बोट लावून पाहिलं. चिकट. वास गोडसर. पाणी नव्हे, पेट्रोल नव्हे. कूलंट, इंजिन थंड ठेवणारं द्रव. निदानाला लागलेला वेळ : अर्धं मिनिट. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण नजर अजून ड्युटीवर आहे.

पोरगी म्हणाली, जाता जाता म्हाळूच्या गॅरेजला दाखवते. मी बसलेला उभाच राहिलो. एकतीस वर्षं आयटीआयला मोटार मेकॅनिक ट्रेड शिकवला आणि माझ्या घरची गाडी म्हाळूकडे? ज्याला मी स्वतः तोंडी परीक्षेत नापास केला? कूलंटचे गुणधर्म सांग म्हटलं तर म्हणाला होता, "गोड लागतं, सर."

आम्रपाली पशुधन पर्यवेक्षक. डोंगराकडच्या सरकारी दवाखान्यात पोस्टिंग. सतरा तारखेपासून मेंढ्यांचं लसीकरण आहे. लसीची बर्फाची पेटी गाडीला बांधून वस्त्या फिरायच्या. म्हणाली, सतराच्या आत व्हायला पाहिजे, पप्पा. मी म्हणालो, सतरा कशाला, उद्या संध्याकाळी घे.

२ फेब्रुवारी, रविवार.
सगळ्या पाइपांचे क्लॅम्प आवळले. एकाचा आटा गेला. हल्ली माल हलका येतो. तिथं तूर्त तार गुंडाळली आहे.
संध्याकाळी डाग बशीएवढा. तरी ही प्रगतीच. चार जागा संशयातून बाद झाल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार.
आम्रपाली जीपने गेली. आली तेव्हा ओढणीवर धुळीचा थर. जीपमध्ये सतरा माणसं आणि एक बोकड होता म्हणे. बाकी काही बोलली नाही. तिची आई, सिंधू, बोलली : "आवो, म्हाळू हाकेच्या अंतरावर हाय. कावून पोरीचे हाल करताय?" सिंधूला थिअरीची बैठक नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी.
रेडिएटरचं झाकण उघडलं. इंजिन गरम असताना झाकण उघडू नये, हे मीच एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. पण इंजिन मला गरम वाटलं नाही, कोमट वाटलं. मनगटावर फोड. सिंधूने टूथपेस्ट लावली. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
पावडर पद्धत. इंजिन पुसून त्यावर टाल्कम पावडर मारायची, जिथं ओलं दिसेल तिथं गळती. सिंधूचा डबा रिकामा केला. गाडी चालू ठेवली. रेडिएटरचा पंखा नेमका फिरला. पावडर माझ्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि सटवावर. सटवा शेजारचा, एसटीचा रिटायर ड्रायव्हर, मत द्यायला आला होता. तोंड पुसून मत दिलंच : "सर, रेडिएटरमधी हळद टाका. आमच्या वक्ताला ट्रकवाले त्येच करायचे. लई जुना इलाज."
मी हसलो. शास्त्र कुठे, हळद कुठे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
हळद टाकली. दोन चमचे. निव्वळ प्रयोग म्हणून.

८ फेब्रुवारी, शनिवार.
टेंपरेचरचा लाल दिवा. हळदीने रस्ता चोंदला असावा. चार बादल्या पाण्याने धुऊन काढलं. अंगण पिवळंधमक. रस्त्याने जाणाऱ्या बाईने विचारलं, लगीन काढलं काय घरात? आम्रपालीने ऐकलं आणि आत गेली. तो विषय सध्या आम्ही काढत नाही.

एक गोष्ट इथंच लिहून ठेवतो. शेवटची वीस वर्षं मी वर्कशॉपमध्ये पाय ठेवला नाही. थिअरी माझी, प्रॅक्टिकल दुसरे सर घ्यायचे. नंतर स्टोअरचा चार्जही. वॉटर पंप मी खडूने हजार वेळा काढला असेल. हात या आठवड्यात लागला.
पण तत्त्व एकच असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.
सापडलं! सापडलं! पोटावर झोपून, टॉर्च दातात धरून. वॉटर पंपाच्या बुडाशी मोहरीएवढं भोक. त्यातून थेंब. घड्याळ लावलं : दहा सेकंदाला एक. एवढी मोठी कंपनी, आणि भोक बुजवायचं विसरली! पत्र लिहावं लागेल. इंग्रजीत.
कूलंट काढलं, जागा पुसून कोरडी केली, एमसील मळून भरलं. ओल्या अंगठ्याने कड अशी बसवली की भोक होतं हे सांगून खरं वाटणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
खाली पेपर पसरला होता. कोरडा! आम्रपालीने वाकून बघितलं. "पप्पा, खरंच सापडलं?" बारावीच्या निकालाला हसली होती तशी हसली. सिंधूने शिरा केला. दोन वर्षांत मला या घरात कुणी काही विचारलं नव्हतं. आज टीव्हीचा रिमोट कुठाय हेसुद्धा मलाच विचारलं.

संध्याकाळी म्हाळूच्या गॅरेजवरून सहज दोनदा गेलो. म्हाळूने हात पुसत चहाला बोलावलं. गळती कुठं घावली, सर? पंपाच्या बुडाशी, म्हणालो. "मंग त्ये भोक, सर, त्ये..." मी म्हणालो, म्हाळू, तोंडी परीक्षा संपली. आणि निघालो. चहा राहिला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
आम्रपाली दोन दिवस गाडीने जाते-येते. आवाज किंचित भरड आहे म्हणते. बाहेर एक थेंब नाही. टाकीतलं कूलंट मात्र उतरलंय. बाष्पीभवन.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी.
इंजिन ऑइलच्या काचेत पाहिलं. दुधाळ. थंडीने आत वाफ धरत असावी. शर्ट घामाने भिजला आहे, ही गोष्ट वेगळी.

दुपारी.
पुन्हा पाहिलं. हॉटेलातल्या चहासारखं. "इंजिन ऑइल दुधाळ होण्याची कारणे लिहा. गुण ४." हा प्रश्न मी दरवर्षी टाकायचो. उत्तर पाठ आहे. ते इथं लिहीत नाही.
आम्रपालीला सांगायला हवं. उद्या सांगतो.

१६ फेब्रुवारी, रविवार.
जेवताना सांगणार होतो. मग पेटी बांधायची दोरी धरताना. पण ती भिवराबाईचं सांगत होती. भिवराबाई म्हणजे घाटावरच्या वस्तीतली म्हातारी, अडीचशे मेंढ्यांची मालकीण. गेल्या साथीत साठ मेल्या, तेव्हापासून सरकारी माणसावर तिचा भरवसा नाही. तीन खेपा घालून आम्रपालीने तिला कबूल केलंय. म्हातारीने अट घातली : सकाळी नऊला यायचं. न्हाई आलीस तर कळप घेऊन माजलगावकडं निघते, मंग हुडकत बस. पोरगी तिची नक्कल करून हसत होती. मधे बोलायला फट मिळाली नाही.
एक दिवस इंजिन धकेल. थिअरीप्रमाणे धकायला हरकत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०.
गेली. निघताना म्हणाली, "पप्पा, तुमच्यामुळं वेळेत झालं." मी म्हणालो, हळू चालव.

८.३५.
फोन. घाटात गाडी जाम झाली. किक नाही, स्टार्टर नाही, गिअरमध्ये चाक फिरत नाही. बर्फ दुपारपर्यंत टिकेल. "पप्पा, आता काय करू?"
मला माहीत नाही.

संध्याकाळी ६.
सगळं लिहितो.

पायात एक चप्पल माझी, एक सिंधूची, तसाच म्हाळूकडे पळालो. तो शटर उघडत होता. चल, एवढंच म्हणालो. त्याने शटर पुन्हा खाली ओढलं. पिकअप काढली. रस्ताभर मी बोलत होतो, ऊन, घाट, पेट्रोलमधली भेसळ. तो गाडी हाणत होता.

आम्रपाली बाभळीखाली पेटी मांडीवर घेऊन बसलेली. पेटीवर ओढणी टाकलेली, स्वतः उन्हात. म्हाळूने गाडीखाली शिरून ऑइलचा नट सैल केला. दुधाचा चहा गळायला लागला. मग त्याने पंपाखालून बोट फिरवलं.

"हे कुणी बुजवलं?"

मी म्हणालो, आधीच्या मालकाने बुजवलं असेल, सेकंडहँड गाडी आहे.

आम्रपालीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आसंल, सर," म्हाळू म्हणाला.

मोटारसायकल पिकअपमध्ये चढवून वस्तीवर पोचलो तेव्हा साडेदहा. कळप रस्त्याला लागला होता. पुढे काठी घेतलेली म्हातारी. म्हाळूने गाडीतूनच हाक मारली, "आत्ये, थांब!" भिवराबाई त्याची आत्या निघाली.

"कावून थांबू? नऊ म्हणली हुती ही. तुमच्या नऊची वाट बघून माजी साठ मेली."

आम्रपाली उतरून तिच्यासमोर उभी राहिली. "गाडी बंद पडली, आज्जी. चूक आमची हाय."

आमची म्हणाली.

म्हातारीने पेटी उघडायला लावली, बर्फात हात घालून बघितला. मग माझ्याकडे काठी केली. ह्यो कोण? माझे पप्पा, आम्रपाली म्हणाली. "मंग हुबा कावून? धर पाय."

अडीचशे मेंढ्या. म्हाळू मान धरायचा, मी मागचे पाय, आम्रपाली सुई टोचून पुढच्या मेंढीकडे. एक लाथ बरगडीत बसली. शेवटची मेंढी सोडली तेव्हा पेटीत नुसतं पाणी होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
गॅरेजला गेलो. इंजिन खोलून पोत्यावर मांडलेलं. म्हाळूने पंप हातात दिला. आत दोन सील. एक कूलंट अडवतं, दुसरं ऑइल. भोक दोन्हींच्या मधोमध. पहिलं सील गेलं की कूलंट त्या भोकातून बाहेर गळावं आणि मालकाला कळावं, म्हणून कंपनीने ते मुद्दाम ठेवलेलं. बुजवलं की कूलंट दुसरं सील ओलांडून ऑइलमध्ये शिरतं.
"त्ये सांगायला आसतंय, सर. आपुन त्याचं तोंड दाबलं."
मी म्हणालो, म्हाळू, ते मी बुजवलं.
"ठावं हाय, सर. एवढी साफ कड काढणारा मेकॅनिक आपल्या तालुक्यात न्हाई." टोमणा नव्हता. चहा सांगितला. प्यालो.

घरी आम्रपालीला सांगितलं. दोन्ही गोष्टी सांगितल्या. बुजवलं मी, आणि ऑइल दुधाळ झालेलं शनिवारीच पाहिलं होतं. पहिली तिला माहीत होती. दुसरी नव्हती. अर्धी भाकर ताटात ठेवून उठली.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
गाडीला महिना लागेल. लसीकरण चालू आहे, आम्रपाली जीपने जाते. पेटी जड, म्हणून स्टँडपर्यंत मी उचलून नेतो. तिने सांगितलेलं नाही. नको असंही म्हणाली नाही. वाटेत आम्ही बोलत नाही.
आज जीपवाल्या नाथाने विचारलं, "काका, तुमी बी डॉक्टर का?"
नाही, म्हणालो.
"मंग काय करता?"
मी पेटी या हातातून त्या हातात घेतली. आम्रपाली तोवर पुढच्या सीटवर बसली होती. तिने हात बाहेर काढला. म्हणाली, "द्या."
दिली.