दोन वजनकाटे, एक धावपट्टी

११ मे

आला! मुरुक विमान कंपनीचा वजनकाटा आला. नवा कोरा, स्टीलचा. धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला नव्या छपराखाली मांडलाय. आणि त्यामागे एजंट म्हणून उभा कोण? माझा जावई!

दोर्कासला विचारलं, "तुझ्या नवऱ्याला दुसरं काम मिळालं नाही का गं?" तर लेक माझी, पण बाजू त्याची — "आई, एजंटचं काम तो तुझ्याकडूनच शिकला. लांबून बघत बसायचा की."

एकोणीस वर्षं या पट्टीवर प्रवासी तोलायला एकच काटा होता, माझ्या कंपनीचा. एकच रेडिओ होता. गावात मला नावानं कुणी ओळखत नाही, रेडिओआई म्हणतात. आता बघू किती दिवस म्हणतात.

१२ मे

मुरुक म्हणजे आमच्या रानातला तो दांडगा पक्षी. पळतो, लाथा घालतो, उडत मात्र नाही. विमान कंपनीला हेच नाव सुचावं! गावातला म्हातारा वोकसेप कालपासून हसून हसून खोकतोय. "जावयाला विचार, विमान उडणार की ताबुबिल शहरापर्यंत पळत जाणार?" पळायला तरी रस्ता कुठाय आमच्याकडे?

आणि विचारू कशी? जावयाचं नाव मी घेत नाही, माझं तो घेत नाही. सासू-जावयानं एकमेकांच्या तोंडाकडेही बघायचं नाही, ही आमची रीत. बोलायचंच असलं तर दोर्कासला मध्ये उभी करायची आणि दोघांनी पाठ फिरवून बोलायचं. वैरी मिळाला तोही असा, की नाव घेऊन शिवी द्यायची सोय नाही!

१६ मे

आमच्या कंपनीच्या ताबुबिलच्या ऑफिसातून रेडिओवर निरोप. आठवड्याला वीस प्रवासी झाले नाहीत, तर जूनअखेर इथली एजन्सी बंद. मी म्हटलं, "गेल्या महिन्यापर्यंत कुणी मोजत नव्हतं!" तिकडून साहेब — "गेल्या महिन्यापर्यंत मुरुक नव्हतं, आई."

म्हणजे माझ्या पोटावर पाय. रेडिओ गेला तर मी काय करणार? रताळी लावणार? रताळी सगळेच लावतात.

२० मे

मुरुकनं तिकिटाचं भाडं तीस किनानं उतरवलं. आम्हीही उतरवलं. त्यांनी दहा किलो सामान फुकट केलं. आम्ही पंधरा. काल वोकसेप दोन्ही छपरांमधून तीनदा फिरला, कोण काय देतंय बघत. जायचं कुठंच नाही त्याला! दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

या आठवड्यात चौदा प्रवासी.

२४ मे

खरं तेच लिहीन. इथं कोण वाचायला येतंय?

रात्रभर पाऊस होता. सकाळी फटफटताना बाहेर आले तर जावई पट्टीवर. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एकेक पाऊल दाबत चालला होता, कुठं माती बसलीये बघायला. खड्डा दिसला की दगड भरायचा, वर उड्या मारायचा. डुकरं हाकलली. माझ्या बाजूचाही खड्डा भरला! मग रेडिओवर हवा सांगितली — "खिंडीत ढग झाडांच्या शेंड्याला टेकलेत. अर्धा तास थांबा." मी म्हणाले असते, "ढग आहेत जरा." एकोणीस वर्षं मी "जरा" म्हणतेय आणि वैमानिक अंदाज बांधतायत.

उद्यापासून मीही शेंडे बघून सांगणार. त्याचं शिकले म्हणून नव्हे. वैमानिकाला बरं पडतं म्हणून.

२९ मे

आज आमच्या विमानातून पानकोबी गेली — सकाळी कापली आणि दुपारी ताबुबिलच्या बाजारात! वरच्या वाडीची कॉफी मुरुकमधून गेली. नर्सबाई सुट्टीला जाऊन चक्क परत आली. पूर्वीच्या तिघी गेल्या त्या गेल्याच.

कॅप्टन सापुलाई — आमची वैमानिक, मानुस बेटावरची, बोलायला फटकळ — इंजिन थंड होईपर्यंत माझ्याकडे रताळं खात बसली होती. म्हणाली, "आई, देशभर हेच चाललंय. पोर्ट मोर्सबीला विचारा, रोज एक नवी कंपनी. निम्म्या बुडतील. पण तोवर तुमच्यासारख्या पट्ट्यांवर विमानं तरी उतरतील. पूर्वी कसं होतं? आलं तर आलं, नाही तर पुढच्या महिन्यात!"

मला आमचे बा आठवले. ही पट्टी बनवायला यंत्र नव्हतं. दोन्ही वाड्यांनी मिळून डोंगर खणला आणि माती बसवायला सगळं गाव नाचलं. सहा दिवस, ढोल लावून, अनवाणी. मी आईच्या पाठीवरच्या झोळीत होते म्हणे. त्या मातीवर आज दिवसाला दोन विमानं! माझा पोटाचा धंदा जातोय आणि तरी मला अभिमान वाटतोय. काय म्हणावं या मनाला!

३ जून

शाळेचे सहाही मास्तर मुरुकनं गेले. माझ्या यादीत होते, त्यानं पळवले. आजपासून दोर्कासमार्फतसुद्धा बोलणं बंद.

९ जून

आज झालं ते लिहून ठेवते.

मुरुकचं विमान दुरुस्तीला, शुक्रवारपर्यंत येणार नाही. सकाळी आमच्या विमानाच्या रांगेत शेवटी जावई उभा! शहरात काम आहे, आजच पोचायला हवं, असं वोकसेपनं सांगितलं. काय काम ते सांगितलं नाही.

सातही प्रवाशांना काट्यावर चढवलं. नाव, वजन, पिशवीचं वजन लिहिलं. मग तो चढला. मी तोंड फिरवलं. रीतीनं त्याचं नाव मला लिहिताही येत नाही. एरवी असं कुणी आलं की दोर्कास लिहिते, पण ती मळ्यात होती. ओळ कोरी सोडली, म्हटलं वोकसेपला हाक मारून लिहून घेऊ. तेवढ्यात सापुलाई ओरडली — "खिंड बंद होतेय, आई! बेरीज द्या!"

मी बेरीज दिली. सात जणांची.

तिनं डोकी मोजली. "आठ ना?" "आठ." झालं. दार बंद.

विमान उताराला लागलं ते उठेचना. पट्टी संपली. कड्याजवळचं उंच गवत चाकांना चाटून आडवं झालं आणि विमान दरीत खाली गेलं. दिसेना. दोर्कास मळ्यातून किंचाळत आली. किती वेळ गेला कोण जाणे, मग समोरच्या डोंगराजवळ पांढरा ठिपका वर चढताना दिसला.

जगले सगळे. देवा! मी सापुलाई धरून नऊ माणसं मारली असती.

१० जून

सापुलाईनं ताबुबिलला उतरल्यावर सगळ्यांना पुन्हा तोललं. ब्याऐंशी किलो जास्त. संध्याकाळी रेडिओवर चौकशी. ही वेळ सगळ्या पट्ट्यांच्या बोलण्याची. अख्खी दरी कान लावून बसलेली.

मी तोंड उघडणार, तोच शहरातून जावयाचा आवाज. "चूक एजंटबाईंची नाही. वजनं संपल्यावर मी मागून गुपचूप चढलो. त्यांना कळलंच नाही."

खोटं! ढळढळीत खोटं!

आणि मी गप्प बसले. बोलायचं बटण अंगठ्याखाली होतं, दाबलं नाही. एजन्सी वाचली या एकाच विचारानं गप्प बसले.

११ जून

जेवण गेलं नाही.

१३ जून

दोर्कासनं आज सांगितलं. रडत रडत. मुरुक आपल्या एजंटांमधून एकाला वैमानिक करणार आहे, सगळा खर्च कंपनीचा. जावई त्या दिवशी त्याच परीक्षेला गेला होता. चाळीस जणांत पहिला आला. आणि निवड अडवून ठेवलीये! "स्वतः एजंट असून वजन चुकवून चढतो, त्याच्या हाती विमान कसं द्यायचं?" बरोबरच आहे की त्यांचं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बोलत होतीस का आमच्याशी?"

म्हणजे आमच्या दरीतलं पोरगं विमान चालवणार होतं. बांनी नाचून बसवलेल्या पट्टीवर आमचाच कुणीतरी उतरणार होता. आणि मध्ये मी बसलेय, रेडिओ छातीशी धरून.

१४ जून

सकाळी रेडिओवर एकेक पट्टी हवा सांगते, तेव्हा सगळे ऐकत असतात, मुरुकवालेही. मी बटण दाबलं.

"नऊ तारखेचं विमान. प्रवासी आठ. आठव्याला मी स्वतः काट्यावर चढवलं, काटा पाहिला नाही, ओळ कोरी सोडली. तो चोरून चढला नाही. माझ्यासाठी खोटं बोलला."

तिकडून आमचे साहेब — "आठवा कोण? नाव सांगा, त्याशिवाय नोंद होत नाही."

दोर्कास शेजारीच होती. ती सांगते म्हणाली. मी तिला मागे सारलं. चूक माझ्या तोंडाची, भरपाईही त्याच तोंडानं.

घेतलं नाव. बापाच्या नावासकट. दोनदा, कारण पहिल्यांदा खरखर झाली.

मग लांबून कुठल्यातरी पट्टीवरचा म्हातारा एजंट पुटपुटला — "अगं बाई, डुक्कर तयार ठेव आता."

१५ जून

डुक्कर दिलं. नाव घेतल्याबद्दल त्याच्या भावकीला द्यावंच लागतं. चांगलं गलेलठ्ठ होतं. वोकसेपनं दोन्ही बाजूंचा पाहुणा म्हणून दोनदा जेवून घेतलं.

जावई शहरातच आहे. त्याचा निरोप नाही.

३० जून

एजन्सी गेली. उद्यापासून आमच्या कंपनीचं विमान इथं उतरणार नाही. सापुलाई शेवटची फेरी घेऊन आली, स्वतःच्या हातानं माझा रेडिओ भिंतीवरून उतरवला. "आई, मी तुमच्यावर चिडले होते. अजूनही आहे. पण चौदा तारखेला जे बोललात, ते आमच्याकडचे वैमानिकसुद्धा बोलत नाहीत." मग मिठी मारली, तेलकट कपड्यांनीच.

भिंतीवर चार खिळे उरलेत.

४ जुलै

मुरुकचा मॅनेजर उतरला. जावयाची निवड पक्की! तो तीन वर्षं शिकायला जाणार. त्याच्या जागी इथं एजंट कोण, ते त्यानं परीक्षेच्या अर्जातच लिहून दिलं होतं. मॅनेजरनं कागद दाखवला. तारीख चार जून — मी बोलणं टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

माझं नाव आहे. संपूर्ण. त्याच्या अक्षरात.