माउंटखाली झाकलेला हात

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू आणलेल्या स्थळाकडे रविवारी जाऊन आलो. मुलगी चांगली आहे, तरीही तूच नाही म्हणून कळव.

आमच्या दुकानात फ्रेम करायला एक चित्र आलं आहे. मागे टेबलाशी मंडळी मजेत जेवताहेत, आणि पुढे, अगदी खालच्या काठाशी, एक माणूस हनुवटीखाली बोटं धरून ती चोरून हुंगतोय. तोंड असं केलंय, जणू आत्ता ओकेल. ताई, तो मीच. फ्रेम चिकटवायचा आमचा सरस जनावरांच्या कातड्याचा. साबण, लिंबू, राख, काहीही चोळलं तरी बोटांचा कुजका वास जात नाही. मुलीकडे बशी पुढे आली तेव्हाही तोच. सगळ्यांना येत असणार. असला हात कुणाच्या हातात द्यायचा?

ती बोटं बघवेनात, म्हणून चित्राभोवती बसवायचा माउंटचा पुठ्ठा खालून रुंद ठेवला. हात झाकला. सुटलो.

दाजींना नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझा भाऊ

९ मार्च

चि. चिकित्सोबास,
अनेक आशीर्वाद.

नाही म्हणायची पाळी त्यांचीच आली आहे. मुलीची आई म्हणाली, पोरगा आल्यापासून नाक मुरडून बसला, बशीला शिवलासुद्धा नाही, आम्ही काय घाणीत राहतो? सारवासारव करून माझी जीभ दुखली. मुलीने जिन्यात मला गाठून एवढंच विचारलं, त्यांना कसली किळस आली? काय सांगू?

आणि वासाचं म्हणशील, तर तुझ्या दाजींनी कोपऱ्यावर ओढलेली विडी मला घरात कळते. तुझ्या हाताला मला कधी काही आलं नाही, गाढवा.

उत्तर लगेच धाड. रागावले आहे, पण तुझीच आहे.

ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज चित्रकार बाई आल्या. फ्रेम बघून लाल झाल्या. म्हणाल्या, हा तर जेवणाऱ्यांवरच थुंकेल असा दिसतोय, बिचाऱ्याला किळस स्वतःची आहे, त्याचा हात कुठे गेला? तुझं पत्र माझ्या खिशातच होतं. मान वर करवेना.

पुठ्ठा पुन्हा कापला. हात दिसला आणि मला पुन्हा बघवेना. ते काही गेलं नाही. पण मागची मंडळी त्याच्या किळसेतून सुटली.

मुलीला सांग, किळस माझ्याच बोटांची होती. शनिवारी दुकानातून थेट त्यांच्याकडे येतो, हात न धुता. वास येतो की नाही ते तिनेच सांगावं. वास येतो म्हणाली, तर निदान कशाला नाही म्हणाली ते तिला ठाऊक असेल.

लोभ आहेच, पण त्या दिवशी जरा जवळ बस.

तुझा चिकित्सोबा