खांबाबरोबर जोडीचा नाच

ती. ताईस,

सादर नमस्कार. (तोंडाने बोलत नसलो तरी कागदावर वडीलधारीला नमस्कार करायला हरकत नसावी.) तुझी कंबर बरी असेल. भावोजींचा खोकला आहे तसाच असणार. तो माणसांपेक्षा चिवट. माझी प्रकृती उत्तम, एक कोपर सोडून. ही हकीकत त्या कोपराचीच.

माझी सूनबाई ज्या संस्थेत कामाला आहे तिथे जुने लोकनाच संगणकात साठवतात. नाचणारीच्या अंगाला चकचकीत गोळे चिकटवायचे, भोवती कॅमेरे लावायचे, की बाई मेली तरी नाच पडद्यावर चालूच. ‘आई, आपला जोडीचा नाच येणाऱ्या तुम्ही शेवटच्या,’ म्हणाली. (तुझं नाव मी काढलं नाही, तिनेही नाही. अकरा वर्षांत आमच्या घरात ती पद्धतच राहिलेली नाही.) मग मला पाणबुड्यासारखा घट्ट काळा पोशाख चढवला. अडुसष्टाव्या वर्षी बाईने आपलं पोट इतक्या तपशिलात पाहू नये. कॉन्व्हेंटात सिस्टर आपला फ्रॉक गुडघ्याखाली किती बोटं आहे ते मोजायच्या; त्या असत्या तर त्यांनी कॅमेऱ्यांवर चादरी टाकल्या असत्या.

आता मला सांग, जोडीचा नाच एकटीने कसा करायचा? समोरचीचे हात धरून मागे झुकायचं. तिच्या भारावर आपण, आपल्या भारावर ती. तिथले विद्वान म्हणाले, दुसरी बाई आम्ही संगणकात तयार करू. मी म्हटलं, आणि वजन? तेव्हा सूनबाईने मधल्या खांबाला ओढणी सैल गुंडाळली आणि टोकं माझ्या हातात दिली. खांब ताठ होता, पण निदान दर पावलाला चुका काढत नव्हता. सातव्या गिरकीला मी सुटले ती थेट तिच्या टेबलावर. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कोपर. माझ्या मुलाच्या लग्नात तू हात सोडलास आणि मी भर मांडवात नव्या व्याह्यांच्या मांडीवर जाऊन बसले, हुबेहूब तसं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, ‘चूक खांबाची.’

दुसऱ्या दिवशी पडद्यावर पाहते तर काय, दोन बिनचेहऱ्याच्या बाया समोरासमोर, मागे झुकलेल्या, एकमेकींना हातसुद्धा न लावता गरगर फिरताहेत. घरच्या कार्यात आपण दोघी वावरतो ना, अगदी तशा! आणि हेच म्हणे पुढच्या पोरी शिकणार. आपल्या आत्याने घाम गाळून शिकवलेला नाच, आणि त्याचं हे भूत! माझं तर डोकंच फिरलं.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझी
धाकटी

ता. क. येत्या गुरुवारी शेवटचं चित्रीकरण आहे, मग यंत्रं दुसऱ्या नाचाकडे जाणार. समोर तू हवीस. पोशाख ताणतो, मी खात्री केली आहे.

आणखी ता. क. गोळे बोटांवरही होते. सूनबाईने ती गिरकी पडद्यावर सावकाश फिरवली. तिन्ही वेळा ओढणी जागच्या जागी, आणि माझीच बोटं आधी उघडलेली. ‘आई, माझ्या बाबांच्या मांडीवर बसलात तेव्हाही असंच झालं असेल का हो?’ म्हणाली. (वडीलधाऱ्यांचा मान ठेवायला ना त्या यंत्राला कोणी शिकवलंय, ना हिला.) तर, हात मी सोडला होता. एकदाच लिहिते. सिस्टरांसारखं शंभरदा हवं असेल, तर समोर बसून लिहून घे.