तीन अंशांची वजाबाकी

६ जानेवारी
आजही उठले नाही. गजर बंद केला, साडेसातला मोबाईलवर पुण्याचं पहाटेचं तापमान बघितलं, तीन वजा केले, वहीत गावाच्या नावापुढे लिहिलं — राहू, १०.४. झालं! शहरापेक्षा आमचं गाव गार, हे शेंबडं पोरही सांगेल.

कॉलेजच्या सरांनी दिवाळीत मळ्यात पांढरी पेटी बसवली, आत तापमापक. पुण्याच्या पहाटा वर्षागणिक किती तापतात आणि गावाच्या किती, हे त्यांना शोधायचंय. ‘अनिताताई, तुम्ही सायन्सच्या, मला काळजी नाही.’ केवढी मिरवले होते तेव्हा! डिसेंबरभर नेमानं गेलेही. १ तारखेपासून ही थेरं.

११ जानेवारी
वजा तीन.

१६ जानेवारी
सर आले. वही चाळताना थांबले. ‘ढगाळ रात्री फरक कमी व्हायला हवा, निरभ्र रात्री वाढायला हवा. तुमचा रोज तीनच कसा?’ माझे कान गरम. ‘पेटीला कुणी हात लावतं का?’

आणि मी बोलून गेले — ‘सासूबाई उघडतात पहाटे.’

दोनदा खिडकीतून पाहिलं होतं, खोटं नव्हतं. पण कशासाठी बोलले? स्वतःची कातडी वाचवायला! सासूबाई गोठ्यापाशीच होत्या. सर नम्रपणे म्हणाले, ‘आजी, पेटी उघडू नका हं.’ ‘न्हाई उघडायची आता,’ म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. जेवण गेलं नाही मला.

१७ जानेवारी
सहाला स्वतः गेले. ६.८! पुणे १३.१. सहा अंशांहून जास्त फरक. आणि मी घरबसल्या रोज तीनच वजा करत होते. शी!

२५ जानेवारी
रोज जाते. सासूबाई चहा देतात, बोलत नाहीत. सरांना फोन लावते आणि वाजायच्या आधीच बंद करते.

२६ जानेवारी
सांगितलं सरांना. सगळं. त्यांनी तारखा विचारून घेतल्या. मग — ‘जानेवारीचे सोळा दिवस गाळावे लागतील. तुमच्याकडून अपेक्षा नव्हती.’ मरणाची लाज वाटली. तशीच स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंनाही सांगितलं, रडत रडत.

त्यांनी हात पुसले, भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. ‘तू झोपल्याली असायची. धारंला जाताना मीच बघायची. डेअरीत दूध घालून आकडं कळत्यात मला. म्हणलं, पोरीला कवातरी लागंल.’

२७ जानेवारी
कॅलेंडरचा फोटो सरांना पाठवला. १ ते १६, प्रत्येक तारखेखाली बारीक आकडा. पुण्याशी ताडून बघितलं — कधी फरक एक, कधी सहा.

सतरापासून चौकोन कोरे.