गेरूची खूण

१४ मार्च १९६३

बीळ सापडलं! असंतसं नव्हे, माणूस खांद्यापर्यंत आत शिरेल एवढं. बांधाच्या नदीकडच्या अंगाला, बाभळीच्या मुळांखाली. वर्षभर मी ह्या बांधावरून सायकल हाकतोय आणि मला दिसलं नाही. ओव्हरसिअर म्हणे!

निवृत्ती मुकादमाने आत काठी घातली. काठी संपली, बीळ संपलं नाही. "कोल्ह्याचं असन सायब. धूर घालू अन् भरून टाकू." त्याची ही रीतच आहे, आधी धूर, मग माती. गोवऱ्या पेटवायच्या, वर मिरच्या टाकायच्या, धूर आत कोंडला की साप असो की मुंगूस, जे असेल ते बाहेर पळतं. मग काळी माती कालवून ठासायची आणि वरून दुरमुसाने ठोकून घट्ट करायची. उंदराचं बीळसुद्धा तो धुराशिवाय बुजवत नाही. "आत जीव असतानी माती घालाची नाई."

गोवऱ्या आणायला माणूस धाडला, तेवढ्यात वाळूतल्या डांगरवाडीतून गुलाम रसूल हात हलवत पळत आला. टरबुजं-डांगरं लावतो तो दरवर्षी नदीच्या पात्रात. "रुका साब, रुका! पानमांजर हाये थे!"

धापा टाकतच सांगत होता. लहानपणी एका रांगेत दहा-दहा दिसायची म्हणे. कातडीवाले आले, मग मासळीसाठी पाण्यात सुरुंग उडवणारे आले. नर मागच्या साली फासात गेला. आता सगळ्या पूर्णेत त्याला ठाऊक असलेली ही एकच मादी. "बीळ आत गेल्यावर वर चढते साब. पूर आला तरी आत कोरडं. म्हून तं पूर आला का थे घरातच घुसते."

मी गोवऱ्या परत पाठवल्या. निवृत्ती माझ्याकडे असा बघत होता, जणू मला ऊन लागलं आहे!

१५ मार्च

पिल्लं आहेत. कान लावला तर आतून चिवचिव. आता काय करू?

१९ मार्च

अंबूबाईकडे जेवलो. मी राहतो तिच्याच पडवीच्या खोलीत. बांध उतरला की पहिलं घर तिचं. बांध नव्हता तेव्हा पुरात तिची पोर गेली, चांगुणा. पाणी घरात शिरलं तेव्हा हात धरलेला होता, सुटला. हे ती कधी रडून सांगत नाही. भाकर थापता थापता सांगते, म्हणून जास्त लागतं.

आज ठेचा वाढत विचारलं, "सायब, यंदा बांध पक्का हाये न बापा?"

"पक्का आहे," म्हणालो. तोंड वर न करता.

२३ मार्च

मोठे साहेब जीप घेऊन आले. मी सगळं खरं सांगितलं. फार वेळ हसले. "नारायणराव, पानशेत फुटून दोन वर्षं झाली नाहीत, आणि तुम्ही मांजरं पाळताय? बीळ म्हणजे बीळ. मृगाच्या आत एकही दिसता कामा नये."

चूक काय बोलले? काहीच नाही. बीळ असलेला मातीचा बांध म्हणजे बुडाला भोक पडलेली घागर. हे मीच गावाला समजावत असतो. पण साहेब "मृगाच्या आत" म्हणाले, आज म्हणाले नाहीत! एवढीच फट मिळाली. मे अखेर पिल्लं पोहायला लागून बाहेर पडतील, मग भरून टाकू. दोघांचंही भागेल.

२५ मार्च

आमच्या कामाची पद्धत अशी की भरायच्या बिळावर मी चुन्याची फुली मारतो. टोळीतल्या कुणाला वाचता येत नाही, पण फुली दिसली की धूर आणि माती. मी नसताना कुणी उत्साहाने हे बीळ भरू नये म्हणून त्याच्या तोंडाशी दगडावर गेरूने गोल काढला. निवृत्तीला सांगितलं, चुना म्हणजे भरा, गेरू म्हणजे हात लावायचा नाही. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन घरी आलो.

८ एप्रिल

आज पिल्लं पाहिली! दोन आहेत. मादीने एकाला मानेला धरून पाण्यात सोडलं. ते किंचाळत काठाला आलं, तिने पुन्हा सोडलं. दुसरं मुळाला घट्ट बिलगून बसलेलं, आपली पाळी येऊच नये म्हणून. मला शाळेचा पहिला दिवस आठवला. मी एकटाच बाभळीखाली बसून मोठ्यांदा हसलो. ह्या नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नव्हता. लिहायला लाज वाटते, पण झाला.

१६ एप्रिल

आईला ताप आहे, निरोप आला. बीबीला, माझ्या गावी, निघतो. अखाजीचा सण करूनच परतेन. निवृत्तीला पुन्हा बजावलं आहे — गेरू म्हणजे हात लावायचा नाही.

२९ एप्रिल

हात लावला नाही कुणी. पाय धरले!

काल आलो. आज बांधावर गेलो तर बिळाच्या तोंडाशी शेंदूर फासलेले सात दगड. हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, लिंबं, विझलेला दिवा. माझा गेरूचा गोल हळदीकुंकवाने माखलेला. बाया ओळीने उभ्या. आणि सगळ्यांत पुढे कोण, तर आमच्या अंबूबाई!

"आसरामाय परगटली सायब! म्या माह्या डोयानं पाह्यलं. नदीतून निंघाली. वल्ले केस पाठीले चिपकलेले. बसली अन् माह्याकडं पाहत राह्यली."

म्हटलं, अहो ते पाणमांजर आहे. पिल्लं आहेत आत. गोल मी काढलाय, ह्या हाताने!

"हाव न. माईनंच काढून घेतला तुमच्या हातून."

ज्या पाण्याने चांगुणाला नेलं त्या पाण्याच्या साती आसरा, जलदेवता, आता बांधात येऊन बसल्यात, गाव राखायला. अंबूबाईचा चेहरा असा निवलेला मी कधी पाहिला नव्हता. मी चप्पल काढली आणि बाजूला उभा राहिलो.

३ मे

एक मात्र झालं. आता त्या बिळाजवळ कुणी फिरकत नाही, कुत्रीसुद्धा हाकलतात. नैवेद्याची मासळी मादी नेते. बाया म्हणतात, माय जेवली. पाणमांजरांना एवढं सुख सरकार देऊ शकलं नसतं!

हसतोय खरा. पण मृगाला महिनाच उरलाय.

३० मे

पिल्लं गेली. गुलाम रसूलने खालच्या डोहात दाखवली, आईच्या मागे मासे पकडताना. चांगली हातभर लांब झाली आहेत. बिळाशी पाळत ठेवली. येणं नाही, जाणं नाही, ताजी विष्ठा नाही. सुटलो!

उद्या भरायचं.

३१ मे

सुटलो म्हणे!

टोळीने घमेली खाली ठेवली. निवृत्तीसुद्धा. "तुमीच सांगतलं सायब, गेरूले हात लावाचा नाई." वरून खजील हसला. "माही बायको घरात घेणार नाई मले. दुसरं काई बी सांगा." बाकीची झाडून सारी बिळं बुजवून झालीत. उरलंय ते एकच, सर्वांत मोठं, आणि माझ्याच खुणेचं.

मी स्वतः फावडं उचललं. पूजेच्या बायांतली बनाबाई आडवी येऊन बिळासमोर झोपली. फावडं ठेवून दिलं.

४ जून

गुलाम रसूलला विचारलं, तू आणि तुझे भाऊ भरून द्याल का? "साब, तुमी म्हनान तं आत्ता भरतो. पन आमी हात लावला तं बात अलगच होऊन जाईन. मग बांध ऱ्हाईन, गाव नाई ऱ्हायचं." खरं आहे. मला विचारायचीच अक्कल नव्हती.

९ जून

मृग लागला. साहेबांचा निरोप: पोलीस घेऊन भरा. पोलीस आले, दोघे. दोघांनी पायातलं काढलं, नमस्कार केला, चहा पिऊन गेले.

१७ जून

अंबूबाईची विनवणी केली. दगड बांधाच्या माथ्यावर मांडू, ओटा बांधून देतो, माझ्या पगारातून. ती कबूल झाली होती! "मायले विचारू," म्हणाली. विचारलं. बनाबाईच्या अंगात आलं. केस सोडून घुमत म्हणाली, "माहं दार बुजवान तं माह्या लेकरायनं जावं कुठं?"

मी तरी ह्याहून वेगळं काय म्हणत होतो मार्चमध्ये?

२६ जून

नदी वाढते आहे. रोज जाऊन पाहतो. पाहण्याशिवाय काय करतो मी? नालायक माणूस.

५ जुलै

वर डोंगरात दोन दिवस पडतोय. खालचा डोह, डांगरवाडी, वाळू, सगळं एक झालं. गढूळ पाणी बांधाला लागलं. पाणी बाभळीच्या मुळांकडे चढतंय. बीळ अजून पाण्याच्या वर आहे, हातभर.

अंबूबाईला म्हटलं, शाळेत चला, तिथे उंचावर लोक जमलेत. "माय हाये न," म्हणाली आणि चूल पेटवायला बसली. मी ओरडलो तिच्यावर. आईवर ओरडावं तसा ओरडलो. ती हलली नाही.

६ जुलै

सगळं आजच लिहून ठेवतो.

सकाळी अंबूबाईच्या मागच्या भिंतीशी जमिनीतून पाणी वर येताना दिसलं. स्वच्छ नव्हे, गढूळ! गढूळ म्हणजे बांधाची माती आतून वाहून चालली आहे. वर धावलो. नदी बिळाच्या उंबऱ्याशी आली होती, प्रत्येक लाट थोडी थोडी आत शिरत होती. टोळी उभी, बाया उभ्या, सगळे त्या शेंदरी दगडांकडे बघत. मी हात जोडले. खरंच जोडले, निवृत्तीला, बनाबाईला, सगळ्यांना. कुणी हलेना.

अंबूबाई मागून आली. भिजलेली, धापा टाकत. तिने ते गढूळ पाणी पाहिलं होतं. असंच आलं होतं म्हणे त्या वेळी, जमिनीतून, चांगुणा गेली तेव्हा. खाली उतरली, एकेक दगड उचलून ओटीत घेतला. सातही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माय माह्यासंग येते. भर बापा."

मग काय, अख्खं गाव तुटून पडलं! काळी माती, पोती, दगड, कुणाची तरी गोधडीसुद्धा. गुलाम रसूल आणि त्याचे भाऊ कमरेला दोर बांधून पाण्यात उभे. आता कुणाचं काही वेगळं नव्हतं. पहिलं घमेलं टाकायच्या आधी निवृत्ती थबकला. "धूर, सायब?"

"कशाचा धूर! ओल्या गोवऱ्या पेटायला वेळ आहे का? पिल्लं कधीच गेली. टाक माती!"

ठासली. दुरमुस मारले. दुपारपर्यंत अंबूबाईच्या भिंतीशी येणारं पाणी थांबलं. बांध टिकला! निवृत्तीने मला खांद्यावर उचललं, मी रडलो, सगळे रडले. अंबूबाईने सगळ्यांना गुळाचा चहा पाजला. आता झोपतो. किती महिन्यांनी झोपतो.

७ जुलै

पाऊस उघडला. पण नदी अजून बांधाच्या छातीशी आहे, आणखी चार-पाच दिवस उतरणार नाही. तोवर बांधाला कुदळ लावणं शक्य नाही.

सकाळी ठासलेल्या मातीवर मादी होती. एकटी, पिल्लं मागे नव्हती. पुढच्या दोन्ही पायांनी उकरत होती, थांबून कान लावत होती, पुन्हा उकरत होती. मी जवळ गेलो तरी पळाली नाही. मार्चमध्येच ऐकलं होतं मी: "पूर आला का थे घरातच घुसते." गुलाम रसूल बाजूला उभा होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

अंबूबाई हळदकुंकू घेऊन आली. हात जोडून म्हणाली, "पाह्यलं का सायब, माय कशी नाचून राह्यली! गाव वाचलं म्हून."

मी हो म्हणालो.