फुटलेल्या नारळाची लाज

प्रिय वसंता,

काल तो ठेकेदार दारात आला होता. हो, तोच, तुझ्या नावेत माझ्या जागी बसलेला! तुझी मोडकी नाव त्यानं दुरुस्त करून घेतलीय. येत्या रविवारी त्याची दोन तरणी पोरं त्याच नाल्यातून थेट पैनगंगेपर्यंत जाणार आहेत, आणि नारळ मी फोडायचा. "तुमच्या हातानं शुभ होईन, बाई." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणून तुला लिहितेय. रागवायला तुझ्याशिवाय आहे कोण मला?

महाराष्ट्र झाला त्या वर्षी तू झरी जामणीकडच्या जंगलात रेंजर होतास. सागाच्या पट्ट्यांवर डांबरलेली ताडपत्री ताणून तू नाव केलीस. माझ्या शिकवायच्या शाळेला सुट्टी लागली की मी यायची आणि आपण डोहात वल्ही मारायचो. मी पुढं, तू मागं. पुढच्यानं दगड सांगायचे, मागच्यानं नाव वळवायची. "ताई, तुझी जीभ शेवटी कामी आली!" म्हणून किती हसायचास!

श्रावणात नाला भरला आणि थेट पैनगंगेपर्यंत जायचं आपण ठरवलं. पहिल्या वळणावरचा काळा दगड ही आपली खूण. त्याचं डोकं दिसलं तर निघायचं, बुडालं तर घरी. नियम तुझाच होता ना रे?

त्या सकाळी काठावर अख्खं गाव जमलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, खोबरं वाटलं. मी नावेत पुढं जाऊन बसले आणि पाहिलं, तर दगड दिसेना. रात्री वर कुठंतरी पाऊस झाला होता. दगडाच्या जागी पाण्याला नुसता फुगवटा.

"वसंता, दगड बुडालाय. उद्या जाऊ."

"ताई, नारळ फुटलाय गं."

"मग? नारळ फुटला म्हणून पाणी उतरतं?"

मागून ठेकेदार ओरडला, "भेल्या काय, बाई? कायले खोळंबा करून राह्यल्या? नारळ त फुटला ना!"

लोक हसले. तू माझ्याकडं नाही, त्यांच्याकडं पाहिलंस. मी उतरले. पुढं कुणी नसलं तर तू कसा जाशील? पण तू त्याला बसवलंस! ज्यानं जन्मात वल्हं धरलं नव्हतं, त्याला!

फुगवट्यावर नाव आडवी झाली आणि उलटली. तो करंजाच्या फांदीला लोंबकळून वाचला. तू संध्याकाळी सापडलास.

तुझ्या तेरवीला तोच सांगत होता, "नारळ फुटल्यावर बाई उतरल्या, तिथंच अपशकुन झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आज माझाच हात शुभ?

वणवे विझवलेस, वाघाच्या मागावर हिंडलास, आणि भ्यालास कुणाला? खोबरं चघळत उभ्या असलेल्या माणसांना! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, चुकलेलं गणित भर वर्गात खोडायला लाजू नका. शाळेत शेकडो पोरींना मी ते शिकवलं. तुला काय झालं होतं?

मी ठेकेदाराला हो म्हटलंय. दचकू नकोस. तुझा राग मी त्याच्या पोरांवर काढणार नाही. रविवारी नारळ माझ्या हातात असेल, आणि आधी मी वळणापर्यंत चालत जाईन. दगडाचं डोकं दिसलं तर फोडीन. नाही दिसलं, तर अख्ख्या गावादेखत नारळ पिशवीत टाकून घरी आणीन आणि त्याची चटणी वाटीन. हसू देत किती हसायचं ते.

तुझी, नावेत पुढं बसणारी,
ताई