सात भागांतली म्हातारी

अण्णा, तुमच्या कादंबरीचा सिनेमा झाला. साती भागांचा मिळून एकच, अडीच तासांचा. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "एवढ्या वेळात माझा राजपुत्र नदीपर्यंतसुद्धा पोचत नाही." पटकथा मीच लिहिली. तीन भावांचा एक भाऊ केला, उडता डोंगर ठेवला, कारण लोक तोच बघायला येणार. राजपुत्राच्या मनात चाळीस पानं चालणारी घालमेल एका नटाच्या चेहऱ्यावर सोपवली. त्या बिचाऱ्याला नुसता घाम आला.

आपलं स्वयंपाकघर आठवतं. शाळेत शिकवून आल्यावर तुम्ही पाटावर बसून नवं लिहिलेलं प्रकरण वाचताय, आई भाकरी थापतेय. तिला अक्षरओळख नाही, पण पोथीला बसल्यासारखा तिचा नेम. अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही, तव्यावरची भाकरी करपली तरी. फक्त रानवाटेवर पाणी पाजणारी म्हातारी आली की ती थापायची थांबायची आणि म्हणायची, "तिला लय चालवू नका. पाय दुखायले असतील तिचे." पुढच्या प्रकरणात तुम्ही म्हातारीला झाडाखाली बसवायचात. अख्ख्या कादंबरीत आईनं लिहिलेलं म्हणावं असं तेवढंच. ती म्हातारी लढत नाही, कोडं सोडवत नाही. साती भागांत येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देते.

एकदा तुमचा घसा बसला म्हणून मला वाचायला बसवलंत. मी दहा वर्षांची, मला राक्षसाची घाई. म्हातारीची पानं सरळ उलटून टाकली. आईनं लगेच विचारलं, "म्हातारी कुठं गेली गं?" तुम्ही बसक्या आवाजात माझ्यावर रागावलात. "सांगणाऱ्याला घाई झाली की आधी म्हातारी माणसंच गळतात." मला रडू आलं. मुसमुसत मागे जाऊन ती पानं वाचली आणि आई पुन्हा थापायला लागली.

सिनेमात असं मागे जाता आलं नाही, अण्णा. दिग्दर्शक विचारायचे, "तिच्यामुळे गोष्ट पुढे कुठे सरकते?" सरकत नव्हतीच. भांडून एक प्रसंग ठेवून घेतला, त्याचं चित्रीकरणही झालं. मग संकलनाच्या वेळी चार मिनिटं कमी करायची निघाली. दुसरं काहीही काढलं तरी पुढचं कळेनासं व्हायचं. दोन दिवस शोधत बसले, माझा काही इलाज चालला नाही. शेवटी म्हातारीवर बोट मीच ठेवलं.

परवा आईला परभणीला दुपारच्या खेळाला नेलं. मध्यंतरात तिनं विचारलं, "म्हातारी कवा येती?" मी म्हणाले, "येईल." सिनेमा संपला, आम्ही ताडकळसच्या बसमध्ये बसलो. खिडकीकडे बघत ती म्हणाली, "बसली असंल कुठं तरी. पाय दुखायले असतील तिचे." मी हो म्हणाले.

हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि जिला वाचून दाखवावं अशी आता आईच उरली आहे. पण खरं सांगते, तिच्यासमोर वाचायला बसले तर यातलंही म्हातारीवर बोट ठेवल्याचं पान मी गाळीन.